जिवंत देंठाची विद्या

शस्त्रवैद्यकाचा इतिहास म्हणजे रोगनिवारणाचा इतिहास, अशी सामान्य समजूत आहे. परंतु या शास्त्राची एक शाखा रोगांतून नव्हे, तर अप्रतिष्ठेंतून उगवली. नाक कापणें ही आपल्याकडे शिक्षा होती. घाव शरीरावर पडे, पण तो अब्रूवर घातलेला असे. तो भरून काढतांना जी विद्या निपजली, तिच्याच एका तत्त्वावर आज ओघळलेले स्तन वर उचलून बसविण्याची शस्त्रक्रिया उभी आहे. वसई-विरारकडील घरांतूनही या विषयाची चौकशी दबक्या आवाजांत होतांना आम्ही ऐकतों. तेव्हां या शस्त्रक्रियेकडून काय अपेक्षा ठेवावी, हें तिच्या इतिहासाच्या प्रकाशांत पाहणें अप्रस्तुत होणार नाहीं.

इंग्रजांच्या फौजेंत बैल हांकणारा एक मराठा, ज्याचें नांव इंग्रजी लेखांत कावसजी असें आलें आहे, १७९२ च्या युद्धांत टिपूच्या हातीं सांपडला. त्याचें नाक व एक हात कापण्यांत आला. सुमारें वर्षभर तो तसाच राहिला. नंतर पुण्याजवळच्या, वीटकऱ्याच्या जातीच्या एका माणसानें त्याला नवें नाक करून दिलें. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकांत या क्रियेची हकीकत छापून आली. प्रथम मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागीं बसवून आकार घ्यावयाचा. मग तो सपाट करून कपाळावर ठेवावयाचा व भोंवतीं रेघ ओढून तेवढी त्वचा सोडवावयाची. मात्र दोन डोळ्यांच्या मध्यें तिचा एक अरुंद देंठ तसाच राखावयाचा. त्वचा खालीं वळवून बसविली, कीं कातांत भिजविलेल्या पट्ट्यांनीं सांधा पक्का करीत. नवें नाक जागेवर रुजल्यावर, सुमारें पंचविसाव्या दिवशीं, तो देंठ कापीत.

सर्व रहस्य त्या देंठांत आहे. रक्त त्यांतून वाहतें, म्हणून हलविलेली त्वचा नव्या जागीं रुजेपर्यंत जिवंत राहते. सुश्रुतसंहितेंत हेंच काम गालाच्या त्वचेनें करण्यास सांगितलें असून माप झाडाच्या पानानें घ्यावें असें म्हटलें आहे. १८१४ सालीं जोसेफ कार्प्यू यानें ही क्रिया लंडनमध्यें करून दाखविली व १८१६ मध्यें तिजवर ग्रंथ लिहिला. मधल्या काळांत, ३१ डिसेंबर १८०२ रोजीं, वसईस झालेल्या तहानें पेशव्यांचें स्वातंत्र्य इंग्रजांच्या हातीं गेलें. विद्या मात्र त्यापूर्वींच समुद्रपार पोंचली होती. आणि ती नेणाऱ्या लेखांत त्या वीटकऱ्याचें नांवही नाहीं.

स्तनांवरील शस्त्रक्रियेचा विकास युरोप-अमेरिकेंत झाला. १८९७ सालीं पूसाँ या फ्रेंच शस्त्रवैद्यानें स्तन वर टांगण्याची रीत प्रसिद्ध केली. खरी अडचण होती ती स्तनाग्राची. तें वर नेलें पाहिजे, पण त्याचा रक्तपुरवठा तुटतां कामा नये. १९२२ मध्यें शिकागोच्या थोरेक यानें तें पूर्ण सोडवून नव्या जागीं कलम केलें. पण अशा कलमांत संवेदना व दूध या दोहोंची आशा सोडावी लागे. १९३० मध्यें श्वार्त्समान यानें भोंवतालच्या त्वचेचा आंतला थर राखून स्तनाग्र जगविण्याचा मार्ग दाखविला. पुण्याचा देंठ निराळ्या रूपानें येथें पुन्हा अवतरला. १९५६ मध्यें वाइज या अमेरिकन शस्त्रवैद्यानें चोळीच्या बेतण्यावरून छेदाचा नमुना तयार केला. पान, मेण व चोळीचा कागद अशी ही मापांची परंपरा आहे.

आतां अपेक्षांविषयीं. वय, गर्भारपण व वजनांतील चढउतार यांमुळें त्वचा आणि आंतील बंध सैलावतात. मूल अंगावर पाजल्यानें स्तन ओघळतात अशी समजूत घरोघर आहे. परंतु २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणींत गर्भारपणांची संख्या, वय व धूम्रपान यांचा संबंध आढळला, स्तनपानाचा आढळला नाहीं. तेव्हां त्या भयानें बाळाचें दूध तोडणें हा निव्वळ अन्याय होय.

शस्त्रक्रियेनें आकार व उंची सुधारते, भरीवपणा वाढत नाहीं. ती बहुधा संपूर्ण भूल देऊन करतात व तिला दोनतीन तास लागतात. सूज उतरण्यास कांहीं आठवडे जातात. तोंवर आधार देणारी घट्ट चोळी वापरावी लागते व जड ओझें वर्ज्य असतें. स्तनाग्राभोंवतीं, तेथून खालीं, व कधीं स्तनाखालच्या घडींतही व्रण राहतो. तो वर्षभरांत फिकटतो, नाहींसा होत नाहीं. संवेदना कांहीं काळ, क्वचित् कायमची, कमी होते. रक्तपुरवठा खुंटून स्तनाग्रास इजा होण्याचा धोका थोडा, परंतु खरा आहे; धूम्रपानानें तो वाढतो. पुढें दूध पाजण्यांत अडचण येऊं शकते, म्हणून मुलें होऊन गेल्यावरच ही शस्त्रक्रिया करणें बरें. वय व वजन यांचा अंमल मात्र पुढेंही चालूच राहतो.

येथें पुण्याच्या हकीकतीकडे पुन्हा वळावें. कपाळावरचा व्रण कालांतरानें फारसा दिसत नाहीं, एवढेंच तो लेखक म्हणतो. मुळींच दिसत नाहीं, असें म्हणत नाहीं. कावसजीला नाक मिळालें, हात मिळाला नाहीं. आजच्या शस्त्रवैद्यानेंही काय होईल आणि काय होणार नाहीं, हें इतक्याच स्पष्टपणें सांगावें. ज्या स्त्रीला आपल्या देहाचा संकोच सलतो, तिला घरच्यांनीं नटवी म्हणून हिणवूं नये. आणि जिला तो सलत नाहीं, तिच्या मनांत जाहिरातींनीं किंवा नवऱ्याच्या टोमण्यांनीं तो पेरूं नये. व्रण तिच्या अंगावर राहणार आहे. म्हणून निर्णयही तिचाच असावा, असें आम्हांस वाटतें.