रंगभूमीवरून वेदीकडे

देवळाच्या उत्सवांत तरुण मंडळी नाटक बसवूं लागली कीं, कोणी तरी वडीलधारे गृहस्थ हटकून विचारतात, "नाटकाच्या नादीं लागलेल्या पोराला देवाचें बोलावणें ऐकूं कसें येणार?" ही शंका हंसण्यावारी नेण्याजोगी नाहीं, असें आम्हांस वाटतें. म्हणूनच ज्युबिलीच्या या पुस्तिकेंत पोप दुसरे जॉन पॉल यांच्या तारुण्यांतील एक प्रकरण वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे. १९८६ च्या फेब्रुवारींत ते गोवें, मुंबई व पुणें येथें आले, तेव्हां त्यांचें दर्शन घेतलेले वाचक आपल्यांत असतील. परंतु हे पोपमहाशय एके काळीं नट होते, हें थोड्यांसच ठाऊक असेल.

कारोल वोयतिवा यांचा जन्म १९२० सालीं पोलंड देशांत वादोवित्से गांवीं झाला. शाळेपासूनच त्यांस नाटकाचा छंद. १९३८ सालीं आर्चबिशप सापिएहा शाळेस भेट देण्यास आले, तेव्हां स्वागताचें भाषण याच विद्यार्थ्यानें केलें. हा मुलगा सेमिनरींत जाणार काय, अशी त्यांनीं पृच्छा केली. तो पोलिश भाषा व वाङ्मय शिकण्यास विद्यापीठांत जाणार, हें ऐकून त्यांस खेद वाटला, असें सांगतात.

पुढच्याच वर्षीं जर्मन सैन्यानें पोलंड व्यापिला. क्राकूवचें विद्यापीठ बंद पडलें आणि कारोल दगडाच्या खाणींत मजूर झाले. आई व थोरला भाऊ पूर्वींच निवर्तले होते. १९४१ च्या फेब्रुवारींत वडीलही गेले. त्याच वर्षीं त्यांचे नाट्यगुरु मिएचिस्वाव कोत्लार्चिक क्राकुवांत येऊन त्यांच्याच बिऱ्हाडीं राहिले, व त्यांनीं एक गुप्त नाट्यमंडळी उभी केली. देखावे नाहींत, भरजरी पोशाख नाहींत. शब्द हेंच सारें भांडवल. खाजगी घरांत, मूठभर श्रोत्यांपुढें, जीव मुठींत धरून प्रयोग होत. पहिला प्रयोग १ नोव्हेंबर १९४१ रोजीं, सर्व संतांच्या सणाला झाला. एकदां तर ऐन प्रयोगांत रस्त्यावरील ध्वनिक्षेपक जर्मनांच्या विजयाची वार्ता गर्जूं लागला. कारोल आवाज न चढवितां आपलें काव्यपठन करीत राहिले.

१९४२ च्या शरदृतूंत ते सापिएहा यांच्या गुप्त सेमिनरींत दाखल झाले. कोत्लार्चिक यांनीं त्यांस परावृत्त करण्याचा यत्न केला. तादेउश कुद्लिन्स्की या स्नेह्यानें तर रात्रभर वाद घातला, आणि आधार घेतला तो शुभवर्तमानाचाच! धन्यानें सोंपविलेलें द्रव्य जमिनींत पुरून ठेवणाऱ्या चाकराचा दाखला त्यानें पुढें केला. हा प्रश्न आमच्या मतें वडीलधाऱ्यांच्या शंकेहून कठीण आहे. कारोल यांनीं रंगभूमी एकदम सोडली नाहीं. १९४३ च्या मार्चांत त्यांनीं शेवटची भूमिका केली. १ नोव्हेंबर १९४६ रोजीं सापिएहा यांच्याच हस्तें त्यांस गुरुदीक्षा मिळाली. तोही सर्व संतांचाच सण होता.

पुढें नट म्हणून ते रंगभूमीवर आले नाहींत. लेखणी मात्र चालूच होती. एक नाटक त्यांनीं आदाम ख्मिएलोव्स्की या चित्रकारावर लिहिलें. या गृहस्थानें कुंचला बाजूस ठेवून क्राकूवच्या दरिद्री जनांची सेवा पत्करिली होती. लेखकाच्या मनांतील झगडा त्यांत स्पष्ट दिसतो. याच चित्रकारास १९८९ सालीं त्यांनीं संत म्हणून जाहीर केलें. दुसरें एक नाटक १९६० सालीं टोपणनांवानें छापलें गेलें. १९९९ सालीं पोप या नात्यानें जगांतील कलावंतांस त्यांनीं खास पत्र लिहिलें.

कोत्लार्चिक १९७८ च्या फेब्रुवारींत वारले. त्यांचा शिष्य त्याच वर्षीं ऑक्टोबरांत पोप झाला. तें पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें.