सडकेवरची अर्जुनी आणि पाळीवरची वाट

आमच्या गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी नावाची दोन मोठी गावे आहेत. एकीने शेजारच्या मोरगावचे नाव आपल्या नावाला जोडून घेतले आणि ती अर्जुनी मोरगाव झाली. दुसरीच्या काठाने एक मोठी सडक गेली, म्हणून ती सडक अर्जुनी म्हणवू लागली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजांनी नागपूरहून भंडारा, साकोली, देवरी असे करीत रायपूरकडे जो 'ग्रेट ईस्टर्न रोड' नेला, तीच ही सडक. आज तिला राष्ट्रीय महामार्ग ५३ म्हणतात. आता, वाचकहो, गावाच्या नावातच सडक शिरावी, याचा अर्थ काय? भोवतालच्या शेकडो गावांना सडक नव्हती, हाच की नाही? सडक असणे ही ओळख सांगण्याजोगी, मिरवण्याजोगी गोष्ट होती.

मला आज बोलायचे आहे ते त्या बिनसडकेच्या गावांविषयी. या गावांपर्यंत आता डांबर पोचले आहे, पण मोटारींची वर्दळ अजून तितकीशी पोचलेली नाही. सायकलवर टांग टाकून तासभर जावे, तर वाटेत दोन बंड्या, एखादी फटफटी आणि म्हशींचा एक कळप भेटावा, एवढेच. पुण्यामुंबईच्या पाहुण्याला हा निव्वळ मागासलेपणा वाटतो. मला मात्र या शांततेमागे दोन-तीनशे वर्षांचा इतिहास दिसतो, आणि तो सांगण्याजोगा आहे.

सायकलवरून भटकण्याचा शौक असलेल्या मंडळींत फ्रान्समधल्या खेड्यांच्या रस्त्यांची मोठी ख्याती आहे. द्राक्षांचे मळे, कालव्याच्या काठची झाडे आणि मैलोगणती मोटारीचा आवाज नाही, असे त्यांचे वर्णन करतात. ही नुसती निसर्गाची कृपा नव्हे. १८३६ साली फ्रान्समध्ये एक कायदा झाला. प्रत्येक गावाने आपल्या वाटा नीट राखाव्यात, पैसा नसेल तर धडधाकट पुरुषांनी वर्षातून तीन दिवसांपर्यंत अंगमेहनत द्यावी, बैल-गाडी असेल तर तीही आणावी, असा त्याचा मथितार्थ. त्यातून गावोगाव पक्के रस्ते झाले. पुढे माणसे शहरांत गेली, माल आगगाडीवर चढला, आणि विसाव्या शतकात धावत्या मोटारींसाठी स्वतंत्र महामार्ग झाले. मागे राहिलेले गावरस्ते सायकलवाल्यांना आंदण मिळाले. एवढेच नव्हे, तर बंद पडलेल्या रेल्वेच्या रुळांची जागाही त्यांनी वाया घालवली नाही. बर्गंडी प्रांतात जिव्री ते क्लूनी हा सुमारे ४४ किलोमीटरचा जुना लोहमार्ग १९९७ साली पादचारी आणि सायकलवाल्यांसाठी खुला झाला.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. शांत रस्ता आपोआप उगवत नाही. आधी तो कोणीतरी गावाच्या गरजेसाठी घातलेला असावा लागतो, आणि मग जड वाहतुकीला जायला दुसरी वाट मिळावी लागते. या दोन्ही गोष्टी आमच्या झाडीपट्टीतही घडल्या. मात्र इथे रस्ता आला तो पाण्यामागून.

हा मुलूख धानाचा, आणि धान म्हणजे पाणी. इथले कोहळी लोक तलाव बांधण्यात निष्णात. त्यांचे पूर्वज काशीकडून आले, असे परंपरा सांगते. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील नावाच्या कोहळ्याने बांधला, असे सांगतात. भोवतालच्या सात टेकड्यांना सात बहिणी म्हणतात, आणि त्या बहिणींनी कोलूच्या कामाला हातभार लावला, अशी लोकांची श्रद्धा आहे. लोकांनी कोलू पाटलालाच पुढे कोलासुर देव केले. तलाव बांधणारा माणूस देव होतो, यात मला नवल वाटत नाही. ज्याच्या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या जेवल्या, त्याला दुसरे काय म्हणावे? पूर्व विदर्भाच्या चार जिल्ह्यांत असे लहानमोठे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. १८६० नंतरच्या बंदोबस्तात गावांचे मालगुजार जमिनीचे मालक ठरले, म्हणून हे मालगुजारी तलाव. हा भाग तेव्हा मध्यप्रदेशात होता. १९५१ साली तिथे मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे गेले. पण लोकांच्या तोंडी 'मालगुजारी' हा शब्द राहिलाच, आणि सरकारी कागदातही ते 'माजी मालगुजारी' म्हणजे 'मामा तलाव' झाले.

आता तलावाला पाळ आली आणि पाळीवरून वाट आली. पावसाळ्यात बांध्यांमध्ये गुडघाभर चिखल असताना कोरडी जागा ती एकच. गावची पोरे तिच्यावरून शाळेत जात, बायका धुणे घेऊन जात, परगावचा पाहुणाही तिच्यावरूनच येई. पाळ संपली की वाट धुऱ्याला लागे, धुरा संपला की दुसऱ्या गावच्या बोडीची पाळ येई. म्हणूनच आमच्याकडचे आडरस्ते कधी सरळ जात नाहीत. पाण्याने जिथे वळवले तिथे ते वळले. कोणी इंजिनियर नकाशावर पट्टी ठेवून हे रस्ते आखता, तर ते असे झाले नसते, आणि मोटारींना इतके गैरसोयीचेही झाले नसते! एकदा एका गावाजवळ मी वाट विचारली, तेव्हा धुऱ्यावर बसलेल्या म्हाताऱ्याने मला बजावले, "सडकेनं कायले जाता जी? पारीनं जा, सावली लागते." आमच्या बोलीत ळ चा र होतो, पाळीला तो 'पार' म्हणत होता. जवळची वाट कोणती हे त्याने सांगितलेच नाही, बरी वाट कोणती ते सांगितले.

जड वाहतुकीला दुसरी वाट मिळाली ती रेल्वेची. नागपूरहून निघालेला मीटरगेज लोहमार्ग गोंदियावरून १८८२ साली राजनांदगावला पोचला. पुढे १८८७ साली बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली, तिने तो विकत घेऊन रुंद केला, आणि १८९१ पर्यंत तो आसनसोलला भिडला. १९०३ साली गोंदियाहून उत्तरेला नैनपूरकडे अरुंद रुळांची गाडी धावू लागली. गंमत अशी की त्याच १९०३ साली फ्रान्समधल्या एका वर्तमानपत्राने आपला खप वाढवावा म्हणून देशभर फिरणारी सायकलची शर्यत सुरू केली. तीच आजची जगप्रसिद्ध 'तूर द फ्रान्स'. पुढच्या दशकभरात गोंदियाहून दक्षिणेलाही सौंदड, अर्जुनी, वडसा, नागभीड करीत चांद्यापर्यंत छोटी गाडी गेली. धान, लाकूड, तेंदूपाने हा सारा माल स्टेशनांकडे वळला, आणि बाकीचा सडकेने गेला. आतल्या वाटा बंडीला आणि पायी चालणाऱ्याला राहिल्या.

आणि मग आली सायकल. १८८५ साली इंग्लंडात कॉव्हेंट्रीला स्टार्लीने दोन सारख्या चाकांची 'रोव्हर' काढली, १८८८ साली डनलॉपने हवा भरलेली धाव तयार केली, आणि पुढच्या काही वर्षांत ही पायगाडी जगभर गेली. आपल्याकडे आधी विलायती रॅले, हर्क्युलस आल्या. त्या साहेबांच्या आणि अंमलदारांच्या. १९३९ साली मुंबईत हिंद सायकलचा कारखाना निघाला, १९५१ साली सोनीपतला अॅटलस, १९५६ साली लुधियानाला हीरो. तेव्हा कुठे सायकल शेतकऱ्याच्या दारात आली. माझ्या लहानपणी जावयाला द्यायच्या वस्तू तीन: घड्याळ, रेडिओ आणि सायकल. त्यातही रुसवा व्हायचा तो सायकलवरून! पोस्टमन, मास्तर, दूधवाला, बांगड्यांचा कासार, सगळे पाळीवरून घंटी वाजवीत येत. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरू लागली की भिंतींना सायकली रेलून उभ्या. दंडार पाहायची, रात्री नाटकाला बसायचे आणि पहाटे धुक्यातून घरी परतायचे. पुढे नळीवर धाकटा, मागे करिअरवर बायको आणि तिच्या मांडीवर तान्हे, असा सबंध संसार एका सायकलवर मी पाहिला आहे.

खरे तर पाळीची वाट सायकलला सोयीची होती, पण ती आठच महिने. पावसाळ्यात चाकात चिखल भरला की सायकल खांद्यावर घ्यावी लागे. ही अडचण दूर केली ती पुन्हा गावच्याच हातांनी. १९७२ साली राज्याने हाती घेतलेल्या रोजगार हमीवर बायाबापड्यांनी माती वाहिली आणि मुरूम पसरला. फ्रान्समधल्या त्या तीन दिवसांच्या वेठीपेक्षा ही गोष्ट मला अधिक मोलाची वाटते, कारण इथे घामाला मजुरी होती. नंतर डिसेंबर २००० मध्ये पंतप्रधान ग्रामसडक योजना सुरू झाली आणि वाटांवर डांबर आले.

आज या रस्त्यांनी दिवाळीच्या सुमारास जावे. हलका धान कापून झालेला असतो, भारी धान पिवळा होऊन उभा असतो. दैव असेल तर बांधीत सारसाची जोडी दिसते. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच असलेला हा पक्षी महाराष्ट्रात आता मुख्यतः गोंदिया आणि शेजारच्या भंडाऱ्याच्या धानशेतीत, तळ्याकाठीच उरला आहे. मोटार थांबली की तो मान वर करून सावध होतो. सायकल हळूच थांबली तर पुष्कळदा चरत राहतो.

पण सारसापेक्षाही या रस्त्यांवर मला भेटतात त्या शाळेच्या पोरी. निळ्या-पांढऱ्या गणवेशात, दोन वेण्या घातलेल्या, चार-पाचजणी रांगेने गप्पा मारीत चाललेल्या. मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकल मिळते. सातवीपर्यंतची शाळा गावात असते. हायस्कूल तीन-चार किलोमीटरांवर. पूर्वी पुष्कळ मुलींचे शिक्षण या तीन-चार किलोमीटरांतच संपे. सायकलीने ते अंतर कापले खरे, पण नुसत्या सायकलीने नव्हे. ती चालवायला जो निर्धास्त रस्ता लागतो, त्याने. ज्या रस्त्यावर रेतीचे टिप्पर धावू लागतात, तिथल्या बाया चार दिवसांत म्हणू लागतात, "नको पाठवू पोरीले." मग सायकल ओसरीवर गंजत राहते.

रस्ता रुंद करणे म्हणजे सुधारणा, असे आपण धरूनच चालतो. काही ठिकाणी ते खरेही आहे. दवाखान्याची गाडी गावात आलीच पाहिजे, धान बाजारात गेलेच पाहिजे. पण सडकेने जावे असे ओझे पाळीवर घातले, की मोहाची जुनी झाडे जातात, पाळ खचते, तलाव फुटण्याची धास्ती लागते आणि सगळ्यांत आधी सायकल हटते. ओझ्यासाठी आमच्याकडे महामार्ग आहे, चारी दिशांना रेल्वे आहे. छोट्या गाड्यांचे रूळही आता रुंद झाले आहेत. फ्रान्सने मोडक्या लोहमार्गावर पैसा घालून जे मिळवले, ते कोहळ्यांच्या कृपेने आणि रोजगार हमीच्या घामाने आम्हांला आयतेच मिळाले आहे. ते फक्त राखायचे आहे. जड गाड्यांना या वाटांवर मज्जाव करावा, पाळीवरची झाडे पाडू नयेत, आणि रस्त्याची रुंदी ठरवणाऱ्याने फीत लावण्याआधी गावातल्या आठवीतल्या मुलीला एकच विचारावे: बाळ, उद्या तू कोणत्या कडेने जाशील?