सौद्याचा हुकूम : आरोळीपासून रांगेपर्यंत



शेअर बाजार म्हटलं की आपण आधी भाव विचारतो. आज मी ऑर्डरीचा इतिहास सांगणार आहे. कारण भाव बाजार ठरवतो, ऑर्डर मात्र आपण देतो.

आडतीवर सोयाबीन घातलं की शेतकरी दोनपैकी एक गोष्ट सांगतो. ‘आज निघेल त्या भावाने देऊन टाका’, नाहीतर ‘अमुक भावाच्या खाली देऊ नका’. शेअर बाजारात पहिलीला मार्केट ऑर्डर म्हणतात, दुसरीला लिमिट ऑर्डर. पहिलीत सौद्याची जवळपास खात्री असते, भावाची नसते. दुसरीत भाव राखला जातो, पण माल पडून राहू शकतो. दोन्ही एकदम पदरात पडत नाही.

मुंबईत १८७५ साली शेअर दलालांची संघटना उभी राहिली. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षं ऑर्डर म्हणजे दलालाला दिलेला शब्द. रिंगणात आरोळ्या आणि हातवाऱ्यांनी सौदे होत. समजा, दिवसभरात भाव १०० ते १०६ असा फिरला आणि आपल्या नावावर खरेदी १०५ ला लागली. ती खरोखर कधी, किती भावाने झाली, हे गावाकडच्या माणसाने तपासायचं कसं? विश्वास ठेवायचा, एवढंच हाती.

३ नोव्हेंबर १९९४ ला राष्ट्रीय शेअर बाजाराने संगणकाच्या पडद्यावर शेअरांचे सौदे सुरू केले. १९९५ मध्ये मुंबई शेअर बाजारही ‘बोल्ट’ यंत्रणेवर आला. नियम साधा : खरेदीत जास्त भाव देणारा पुढे, विक्रीत कमी भाव मागणारा पुढे. भाव सारखाच असेल तर ज्याची ऑर्डर आधी, तो पुढे. प्रत्येक ऑर्डरीला क्रमांक आणि वेळ. रांगेत नाव-गाव कुणी विचारत नाही. हा फार मोठा बदल होता.

पण रांगेला दयामाया नसते. तुम्ही मार्केट ऑर्डरने ५०० शेअर मागितले आणि १०० रुपयांना २०० च विकायला असले, तर उरलेले १०१ ला, १०३ ला, जिथे मिळतील तिथून उचलले जातात. स्टॉप-लॉसचंही तेच. ठरवलेल्या भावाला ती ऑर्डर फक्त जागी होते. बाजार सकाळी एकदम खाली उघडला, तर विक्री त्या खालच्या भावाने होते. सोबत लिमिट लावलेली असेल तर कदाचित होतच नाही.

पूर्वी दलालाकडे बोट दाखवता यायचं. यंत्र आपला शब्द तंतोतंत पाळतं, म्हणून शब्दाची जबाबदारीही आपलीच. तेव्हा मोबाइलवर बोट टेकवण्याआधी स्वतःला विचारा : आज मला सौदा हवाय, की भाव?