रात्री येणारा लांबचा आवाज

मागच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला आणि रेडिओच्या गोष्टी निघाल्या. एका तरुण पोरीने विचारलं, "तुमच्या लहानपणी जिल्ह्यात रेडिओ केंद्रच नव्हतं म्हणता, मग घरात गाणी यायची कुठून?" उत्तर शोधता शोधता आम्हाला धाराशिवचा बराच इतिहास सापडला. तोच आज सांगतो.

आपला जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. हैदराबादला 3 फेब्रुवारी 1935 रोजी डेक्कन रेडिओ सुरू झाला. त्याची ताकद अवघी 200 वॉट, आणि मुख्य भाषा उर्दू. पण हवेला सरहद्द नसते. मुंबई आणि दिल्लीचे आवाजही राज्यात पोचत होते. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौज सोलापूरकडून आली आणि तिने नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल ताब्यात घेतला. चारच दिवसांनी, 17 सप्टेंबरला, हैदराबादच्या रेडिओवरूनच युद्धबंदीची घोषणा झाली. हाच आपला मुक्तिसंग्राम दिन. ज्या रेडिओवर निजामाची हुकमत होती, त्याच रेडिओवर ती संपल्याचं लोकांनी ऐकलं.

तेव्हाचा रेडिओ म्हणजे मोठं खोकं. त्याला वीज नाही तर जड बॅटरी लागे. गावात एखाद्याच घरी तो असायचा. पुरुष ओसरीवर बसायचे आणि बायका दाराआडून ऐकायच्या, असं आमच्यातल्या थोरल्या सांगतात. पुढे सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर आला. त्याचा परवाना असे, दरवर्षी पोस्टात पैसे भरावे लागत. पण तो उचलून चुलीपाशी नेता यायचा, खुरपताना बांधावर ठेवता यायचा. तिथून बायकांचं ऐकणं खऱ्या अर्थाने सुरू झालं.

आता लांबचं केंद्र रात्रीच का लागायचं ते सांगतो. मध्यम लहरी दिवसा जमिनीच्या अंगाने जातात. ज्या वर जातात त्या उन्हामुळे तयार झालेल्या हवेच्या एका थरात विरून जातात. रात्री तो थर नाहीसा होतो. मग त्याहून वरच्या थरावर लहरी आदळतात आणि शेकडो किलोमीटर लांब खाली उतरतात. म्हणून दिवाबत्तीनंतर मुंबईचं 558 किंवा नागपूरचं 585 नीट यायला लागे. खारं पाणी या लहरींना चांगलं वाहून नेतं, त्यामुळे कोकणकिनाऱ्यावर दिवसाही लांबचं केंद्र लागतं. आपण बालाघाटावरची माणसं, आपल्याला रात्रीचीच वाट बघावी लागे.

संच फिरवण्याचंही कारण आहे. आत एक काळी कांडी असते, तिच्यावर तांब्याची तार गुंडाळलेली. कांडीचं टोक केंद्राकडे असलं की आवाज पडतो, कांडी आडवी धरली की उघडतो. हे कुणी शिकवलं नव्हतं. संच कोनाड्यात कसा ठेवायचा ते बायकांनी खरखर ऐकून ठरवलं होतं.

बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर लघुलहरींतून बिनाका गीतमाला यायची. ती 1952 साली सुरू झाली, आणि त्याच काळात आकाशवाणीने सिनेमाची गाणी जवळजवळ बंद केली होती. मुंबईहून 'प्रपंच'मधले टेकाडे भाऊजी बोलायचे. पुण्याहून सुधा नरवणे प्रादेशिक बातम्या द्यायच्या. बाईच्या आवाजात राज्याची बातमी ऐकण्याची सवय आम्हाला तिथून लागली.

ऐकून गटाने चर्चा करण्याचा मोठा प्रयोग पुणे केंद्राने 1956 साली केला. पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली 150 गावं त्यात होती. शेतकरी कार्यक्रम ऐकत, चर्चा करत आणि प्रश्न केंद्राला कळवत. आपला जिल्हा तेव्हा हैदराबाद राज्यात, म्हणून तो बाहेर राहिला.

आणि 30 सप्टेंबर 1993. गणपती विसर्जनाची रात्र, पहाटे चारच्या सुमाराला भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर, उमरगा-लोहाऱ्याकडची गावं जमीनदोस्त झाली, सुमारे दहा हजार माणसं गेली. असल्या वेळी तारा तुटतात, वीज जाते. आजच्या काळात मोबाईलचा टॉवरही बंद पडेल. दोन सेलवरचा संच मात्र लांबच्या, शाबूत असलेल्या केंद्राचा आवाज आणून देतो. अलीकडे मध्यम लहरींची बरीच प्रक्षेपणं बंद झाली आहेत. म्हणून आमचं सांगणं आहे की घरातला जुना संच भंगारात घालू नका. सेल काढून, पुसून ठेवा, आणि महिन्यातून एकदा रात्री काटा फिरवून काय लागतं ते बघा.

आता बोलण्याचंही. 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे. 2006 पासून संस्थांना सामुदायिक रेडिओचा परवाना मिळू लागला. 2008 साली तेलंगणात जहीराबादजवळ माचनूरला दलित बायकांनी आपला संगम रेडिओ सुरू केला. तोही भाग पूर्वी निजामाच्याच राज्यातला. अशा केंद्राचा आवाज दहा-पंधरा किलोमीटरच जातो. पण दाराआडून ऐकणाऱ्यांच्या लेकी-नाती आज माइकसमोर बसल्या आहेत, हे अंतर काही थोडं नाही.

पुढच्या बैठकीला येताना घरातल्या थोरल्या बाईला एवढंच विचारून या, "तुम्ही पहिल्यांदा रेडिओ कुणाच्या घरी ऐकला, आणि कुठे बसून?" उत्तर लिहून आणा. हा इतिहास अजून कुठल्या पुस्तकात आलेला नाही, तो आपणच गोळा करू.