रोहटी, बालुकी आणि काचेची टाकी

शाळेच्या प्रयोगशाळेत मत्स्यालय असले तर त्यात काय असते? बहुधा गोल्डफिश, गप्पी आणि काच साफ करतो म्हणून आणलेला एखादा सकर मासा. पैकी गोल्डफिश मूळचा चीनचा, गप्पी आणि सकर दक्षिण अमेरिकेचे. बारामतीतून कऱ्हा वाहते, इंदापूरच्या उत्तरेला भीमा आणि दक्षिणेला नीरा, आणि नीरा-नरसिंहपूरला या दोघींचा संगम. या पाण्यातला एकही मासा बहुतेक मत्स्यालयांत नसतो. पण या माशांची जगाशी ओळख होऊन पावणेदोनशेहून अधिक वर्षे झाली आहेत, आणि ती ओळख मराठी नावांनी झाली आहे.

कर्नल विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) याला १८२४ मध्ये मुंबई सरकारने दख्खनच्या पाहणीवर नेमले. शेती, लोकसंख्या, हवामान यांची माहिती गोळा करणे हे त्याचे मुख्य काम. ते करता करता त्याने पक्षी, प्राणी आणि मासेही नोंदवले. १८३१ मध्ये तो इंग्लंडला परतला. त्याचे दख्खनच्या माशांचे वर्णन १८३९ मध्ये थोडक्यात आणि १८४१ मध्ये चित्रांसह लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेने छापले. त्यातले काही मासे पुण्याच्या मुळा-मुठेतले, तर काही भीमेकाठच्या पेडगावजवळचे आहेत. पेडगावहून भीमा पुढे इंदापूर तालुक्याच्या कडेने जाते.

काही मासे साइक्सने आपल्या परिचितांच्या नावे केले, पण पुष्कळांना त्याने नदीकाठी ऐकलेलेच नाव दिले. 'रोहटी' हे एका प्रजातीसमूहाचे शास्त्रीय नाव झाले. बालुकी, कोलस, फुलंगी, बोगट, मुरे, नुकटा ही सगळी आज जगभरच्या ग्रंथांत लॅटिन धाटणीच्या नावांत बसलेली आहेत. हे काही त्याचे एकट्याचे वैशिष्ट्य नव्हे. त्याच्या आधी १८२२ मध्ये फ्रान्सिस हॅमिल्टनने गंगेतल्या माशांवर पुस्तक लिहिले, त्यातही असेच केलेले दिसते. घरगुती मत्स्यालयाच्या दुकानात आज सर्रास ऐकू येणारे 'डॅनिओ' आणि 'पुंटियस' हे शब्द बंगाली नावांवरून आले. 'रास्बोरा'ही इथल्याच लोकभाषेतला. आपण मात्र ते इंग्रजी समजून उच्चारतो! ज्या भोई-कोळ्यांनी मासे धरून दिले, नावे सांगितली, त्यांचे स्वतःचे नाव या वर्णनांत शोधून सापडणार नाही.

या वर्णनांत आणखी एक गोष्ट नाही. पराचे काटे किती, खवल्यांच्या ओळी किती, लांबी किती, हे सगळे आहे. पण मासा जिवंतपणी कसा वागतो? पाण्याबाहेर काढलेल्या माशावरून ते कळणार कसे? ते पाहायला काचेची टाकी हवी, आणि ती साइक्सचे काम छापून झाल्यावर आली. १८५० मध्ये लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने पाण्याच्या भांड्यात दोन लहान गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. वनस्पतीची कुजणारी पाने पाणी बिघडवू लागली, तेव्हा त्याने गोगलगाई सोडल्या. त्यांनी कुजके खाल्ले आणि पाणी न बदलता टाकी टिकली. 'ॲक्वेरियम' हा शब्द रूढ केला फिलिप हेन्री गॉस याने, १८५४ च्या पुस्तकातून. आपल्याकडे मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये उघडले.

टाकीमुळे थव्याचे कोडे हाती घेता आले. शंभर मासे एकाच क्षणी वळतात, एकमेकांवर आपटत नाहीत, आणि पुढारी कुणीच नसतो. मग ते डोळ्यांनी पाहून वळतात का? १९७६ मध्ये पिचर, पार्ट्रिज आणि वॉर्डल यांनी सेथ या समुद्री माशाच्या डोळ्यांवर अपारदर्शक झाकणे बसवली. झाकलेले मासे डोळस सोबत्यांच्या थव्यात तरीही नीट पोहत राहिले! मात्र त्यांच्या पार्श्वरेषेची मज्जातंतूची जोडणी तोडली तेव्हा ते थव्यात राहू शकले नाहीत. माशाच्या कुशीवर दिसणारी ती ठिपक्यांची ओळ म्हणजे शेजाऱ्याने हलवलेले पाणी जाणवणारे इंद्रिय होय. वर्गात कोणत्याही ताज्या रोहूवर ती ओळ बोटाने दाखवता येते.

थव्याचा मासा टाकीत एकटा ठेवला तर तो कोपऱ्यात दबून राहतो, कधी दुसऱ्यांच्या परांना चावतो. म्हणून 'शांत' मासा म्हणून दोन-दोन आणण्यापेक्षा एकाच जातीचे आठ आणावेत. टाकी उंच असण्यापेक्षा लांब असावी, वर झाकण हवेच, कारण हे मासे उडी मारतात. ओढ्यात मिळणारा काळ्या पट्ट्याचा रास्बोरा किंवा दोन ठिपक्यांचा लहान पुंटियस यासाठी चांगला. पारदर्शक काचमासा दिसायला गरीब, पण त्यातली एक जात दुसऱ्यांचे खवले ओरबाडून खाते. तेव्हा थवा करून राहणारा तो सगळा शांत, असे समजू नये.

आता नद्यांकडे वळू. १८७६–७७ च्या दुष्काळात काम निघालेल्या नीरा डाव्या कालव्याने बारामती-इंदापूरचे पाणी बदलले. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले आणि भीमेचे वाहते पात्र इंदापूरजवळ जलाशय झाले. पळसदेवचे जुने मंदिर पाणी उतरले की वर येते, ते याच जलाशयातून. साठलेल्या पाण्यात कटला-रोहू सोडले गेले, मूळच्या आफ्रिकेच्या तिलापियाने (इथले लोक त्याला 'चिलापी' म्हणतात) बस्तान बसवले. पृष्ठभागाजवळ फिरणारी बालुकी अशा पाण्यात तगते. पण वाहत्या पाण्याचे, खडकाळ तळाचे मासे तगत नाहीत. जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत कोलस 'असुरक्षित' तर नुकटा 'संकटग्रस्त' आहे.

आणि गेल्या काही वर्षांत उजनीत सकर मासाही सापडू लागल्याच्या बातम्या आल्या. तो धरणात कुणी मत्स्यबीज म्हणून सोडलेला नाही. टाकीत मावेनासा झाला की लोक तो 'जीवदान' म्हणून ओढ्यात, नदीत सोडतात. अंगावर हाडांची चिलखतासारखी कवचे असल्याने त्याला खाणारे थोडे, आणि जाळी मात्र तो फाडतो. भिगवण परिसरात मासेमारीवर पोट असलेल्या घरांना ती फाटलेली जाळी परवडत नाहीत. तेव्हा शाळेच्या टाकीतला वाढलेला मासा दुकानदाराला परत द्यावा किंवा दुसऱ्या टाकीवाल्याला. नदीला मात्र देऊ नये. ओढ्यातून आणलेले मासेसुद्धा बाजारच्या माशांबरोबर राहिले असतील तर परत सोडू नयेत, कारण त्यांच्यासोबत रोगही जातात.

टाकीवर जातीचे नाव लिहिताना शास्त्रीय नावाखाली गावात त्याला काय म्हणतात तेही लिहावे. मुलांना ते आजोबांकडून किंवा बाजारात मासळी विकणाऱ्या मावशींकडून मिळेल. आणि एकाच माशाला पेडगावात एक, इंदापुरात दुसरे नाव निघाले, तर दोन्ही लिहावीत.