माइक कुणासाठी?

डीजे ठरवायला येणारी मंडळी हमखास विचारतात, ‘बेस किती लावणार? टॉप किती?’ गेली पंचवीस वर्षं मी लग्नकार्यात साउंड लावतो आहे. पण ‘माइक कोणता आणणार?’ असं अजून कुणी विचारलेलं नाही. सुरुवातीला मीही त्याचा विचार करत नसे. त्याची किंमत मात्र एका आजींना मोजावी लागली.

वाईजवळच्या एका गावात हळद होती. नवरीच्या आजीला जात्यावरच्या ओव्या म्हणायच्या होत्या. आवाज बारीक, वयानं थकलेला. स्वस्तात मिळाला म्हणून घेतलेला माइक मी त्यांच्या हाती दिला. ऐकू येईना, म्हणून आवाज वाढवला. तशी कान फाटतील अशी शिट्टी वाजली. कमी केला, तर ओवी हरवली. पुन्हा वाढवला, पुन्हा शिट्टी. पोरं हसली. आजींनी माइक हळूच पाटावर ठेवला आणि म्हणाल्या, ‘चालू द्या तुमची गाणी.’ पुढच्या वर्षी त्या गेल्या. घरात दुसऱ्या कुणालाच त्या ओव्या येत नव्हत्या.

त्यानंतर मी या शिट्टीच्या मागे लागलो. स्पीकरमधला आवाज माइकमध्ये परत शिरतो, मोठा होऊन पुन्हा स्पीकरमध्ये जातो आणि हे चक्र थांबत नाही. दुखणं जुनं आहे. डेव्हिड ह्यूज यांनी १८७८ साली आपल्या विजेवरच्या उपकरणाला ‘मायक्रोफोन’ म्हटलं आणि ते नाव रूढ झालं. १९१५ च्या नाताळात जेन्सन आणि प्रिडहॅम या जोडीनं सॅन फ्रान्सिस्कोत कर्ण्यांतून भल्या मोठ्या जमावाला गाणी ऐकवली. माणसाचा आवाज आता त्याच्या छातीच्या जोरावर अवलंबून राहिला नाही.

आपल्याकडे ही किमया घडवली ती मुंबईच्या ‘शिकागो रेडिओ’नं. गांधीजी, नेहरू यांच्या जुन्या छायाचित्रांत माइकवर हे नाव दिसतं. गांधीजींचा आवाज मुळात हळू. पण लाउडस्पीकरमुळे तो मैदानाच्या टोकापर्यंत पोचू लागला. या कंपनीचे नानिक मोटवाने यांना १९४२ च्या भूमिगत काँग्रेस रेडिओच्या खटल्यात उषा मेहतांबरोबर आरोपी करण्यात आलं होतं. पुढे ते निर्दोष सुटले. दुसऱ्याचा आवाज पोचवणं हेही जोखमीचं काम असतं, ते असं.

योगायोग पाहा, शिट्टीवरचा उतारा मिळाला तो खऱ्याखुऱ्या शिकागोत. तिथल्या शुअर कंपनीतले तरुण इंजिनिअर बेंजामिन बाउअर यांनी १९३९ साली एक माइक तयार केला. मागून येणारा आवाज त्यात दोन वाटांनी पडद्यापर्यंत पोचतो आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंनी एकाच वेळी दाबून स्वतःलाच निष्प्रभ करतो. समोरचं ऐकायचं, पाठीमागचं सोडून द्यायचं! हा टापू कागदावर काढला, तर बदामाच्या आकाराचा दिसतो. याच कुळातला, जाळीदार गोल डोक्याचा ‘एसएम ५८’ १९६६ साली आला आणि जगभरच्या रंगमंचांवर जाऊन बसला. गंमत म्हणजे, ‘एसएम’ म्हणजे ‘स्टुडिओ मायक्रोफोन’!

मग मंडपासाठी माइक कोणता घ्यावा? माझं उत्तर सोपं आहे. बदामी टापूचा, डायनॅमिक जातीचा. कंडेन्सर माइक नाजूक आवाज सुंदर टिपतो. पण मंडपात तो भांड्यांचा आवाज, लहान मुलांचा गलका आणि जनरेटरची घरघर तितक्याच आवडीनं टिपतो. बटण नसलेला असेल तर उत्तम. ऐन मंगलाष्टकांत गुरुजींचा अंगठा बटणावर पडतोच. कॉर्डलेस असेल तर दर कार्याला नवे सेल, आणि वायरचा एक माइक जोडीला तयार. उभं राहायचं ते स्पीकरच्या रांगेच्या मागे. आणि माइकची जाळी मुठीत धरू नका. गायकांना ती ऐट वाटते; पण मागच्या फटी बंद झाल्या, की बाउअरची सगळी युक्ती फुकट जाते आणि शिट्टी वाजते.

यातलं काहीही फार खर्चाचं नाही. एका बेसच्या पैशात चांगले माइक येतात. पण आपल्याकडे ‘डीजे’ म्हणजे स्पीकरच्या भिंती, असं समीकरण झालं आहे. गाण्यांना भिंती मिळतात. घरच्या माणसाच्या चार शब्दांना मिळतो तो उरलासुरला माइक.

आता मी ‘हॅलो, माइक टेस्टिंग’ स्वतः करत नाही. माझा आवाज कमावलेला. तो कुठल्याही माइकवर ऐकू येईल. मंडपात गेलो, की घरातलं सगळ्यांत थकलेलं माणूस शोधतो, माइक त्यांच्या हाती देतो आणि म्हणतो, ‘आजी, जरा बोला बघू.’ मग मागे शेवटच्या खुर्चीपाशी जाऊन उभा राहतो. तिथं शब्द पोचला, की गाणी सुरू.