टाकीखालचा डबा आणि इंदूरचा खड्डा

इंदूरच्या दक्षिण तुकोगंजातल्या फ्लॅटमध्ये माशांची मोठी टाकी बसवायची ठरली, की चर्चा लवकरच टाकीखालच्या कपाटात ठेवायच्या फिल्टरवर येते. कॅनिस्टर म्हणजे झाकणबंद डबा. टाकीतले पाणी नळीने खाली उतरते, डब्यातल्या स्पंजमधून आणि सिरॅमिकच्या कड्यांमधून जाते आणि झाकणातला पंप ते पुन्हा वर पाठवतो. या डब्यांची तुलना बहुधा एकाच आकड्यावर होते: तासाला किती लिटर? एहाइमच्या क्लासिक २२१७ वर १०००, सनसनच्या एचडब्ल्यू-३०३बी वर १४००, फ्लुव्हल ४०७ वर १४५०. आकडा मोठा तो फिल्टर सरस, त्यात सनसनचा चिनी डबा स्वस्त, म्हणजे निकाल लागलाच. माझ्या मते हा आकडा पंपाचा आहे, फिल्टरचा नाही. फिल्टरची लायकी त्याच्या पोटात किती जीव नांदू शकतात आणि त्यांना किती हवा मिळते यावर ठरते. गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास याच बाजूने साक्ष देतो, आणि त्यातले एक प्रकरण तुकोगंजापासून काही किलोमीटरवरच घडलेले आहे.

घरातल्या टाकीचा छंद सुरू झाला तो फिल्टरशिवायच. रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञाने १८५० मध्ये गोल्डफिश, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि गोगलगाई एकत्र ठेवून, पाणी न बदलता टाकी टिकवून दाखवली. १८५३ मध्ये तिथल्या रीजंट्स पार्कच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडले. पाणी गाळण्याचे शास्त्र मात्र शहरांच्या गरजेतून, वेगळ्या वाटेने येत होते. जेम्स सिम्प्सनने १८२९ मध्ये चेल्सीच्या पाणीपुरवठ्यासाठी वाळूचे मोठे गाळणतळे बांधले. अशा तळ्यात पाणी तासाला वीतभरसुद्धा खाली उतरत नाही, आणि वाळूच्या माथ्यावर जमणारा चिकट, जिवंत पापुद्रा हाच तिथे गाळण्याचे मुख्य काम करतो. १८९२ मध्ये हँबुर्गमध्ये पटकीने हजारो माणसे गेली. त्याच एल्ब नदीचे पाणी वाळूतून गाळून पिणारे शेजारचे आल्टोना बऱ्याच अंशी बचावले. पण सगळ्यांत बोलका पुरावा फ्रान्समधला आहे. १८७७ मध्ये श्लोझिंग आणि म्युंट्झ या रसायनशास्त्रज्ञांनी वाळू आणि चुनखडी भरलेल्या नळीतून सांडपाणी सावकाश सोडले. पहिले सुमारे २० दिवस अमोनिया जसाच्या तसा बाहेर येत राहिला. मग त्याचे नायट्रेट होऊ लागले. क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच हे काम थांबले आणि थोडी माती मिसळलेले पाणी दिल्यावर पुन्हा सुरू झाले. वाळू तीच, नळी तीच. फरक होता तो फक्त जिवंत जंतूंचा. विनोग्राद्स्की या जंतुशास्त्रज्ञाने १८९० मध्ये ते जंतू वेगळे काढून दाखवले. नवी टाकी लावल्यावर मासे सोडण्याआधी काही आठवडे थांबा, असे जाणकार सांगतात, त्याचे कारण त्या २० दिवसांत आहे.

आता इंदूर. १९१८ मध्ये पॅट्रिक गेडीस या नगररचनाकारांनी होळकर दरबाराला शहररचनेचा दोन खंडांचा अहवाल दिला. मैलापाणी मोठ्या खर्चाने दूर नेऊन टाकण्याच्या योजनांवर त्यांनी त्यात टीका केली आणि शहराची घाण बागांच्या मातीत परतावी, असा आग्रह धरला. (प्लेगविरुद्ध लोकांना जागे करायला याच गृहस्थांनी इंदुरात दिवाळीच्या मिरवणुकीतून भलामोठा उंदीर फिरवला होता. अहवालापेक्षा तो उंदीर जास्त लोकांपर्यंत पोचला असणार!) त्यांचा विचार पुष्कळसा कागदावरच राहिला. तोच विचार मोजमापासह जमिनीवर आणला तो अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड या शेतीसंशोधकांनी. हॉवर्ड १९०५ पासून बिहारात पुसाच्या शेतीसंशोधन संस्थेत होते. १९२४ मध्ये त्यांच्या पुढाकाराने इंदूरला वनस्पती-उद्योगाची संशोधन संस्था निघाली. जमीन दरबाराने दिली, सुमारे ३०० एकर. कापसावर काम करायला काढलेल्या या संस्थेचे नाव जगभर गेले ते मात्र खतामुळे. शेतातला काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख असे थरावर थर ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि अवघ्या २ फूट खोल खड्ड्यात रचायचे. खोली मुद्दाम कमी ठेवलेली, कारण खाली हवा पोचली पाहिजे. पाणी पिळलेल्या स्पंजात असते तेवढेच. जास्त झाले की हवा कोंडते, सडका वास सुटतो आणि नत्र उडून जाते. तीन वेळा उलथापालथ करायची, की तीन महिन्यांत खत तयार. १९३१ मध्ये हॉवर्ड आणि वाड यांचे पुस्तक निघाले आणि ही रीत ‘इंदूर पद्धत’ म्हणून चहाकॉफीच्या मळ्यांपर्यंत गेली. पुस्तकावर दोघांची नावे आहेत. पुढे गाजले एकच, आणि इंदूरच्या मराठी मंडळींनीही वाडांची आठवण फारशी ठेवलेली नाही. हॉवर्ड-वाड यांची खरी कमाई खताच्या कृतीपेक्षा तिच्यामागच्या नियमात आहे. घाण नाहीशी करणारे जीव आयते असतातच. आपण त्यांना जागा, ओल, हवा आणि वेळ द्यायचा. यातली हवा कमी पडली, की बाकीच्या तिन्ही गोष्टी असून उपयोग नाही.

कॅनिस्टरची गोष्ट याच नियमाने वाचता येते. गुंटर एहाइम या जर्मन अभियंत्याची कंपनी १९४९ ची; माशांच्या टाकीसाठी तिने बनवलेला बंद डब्याचा फिल्टर १९६० च्या दशकात बाजारात रुळला. त्याच्या क्लासिक मालिकेचे आकडे पाहण्यासारखे आहेत. २२१३ चा डबा ३ लिटरचा, प्रवाह तासाला ४४०. २२१७ चा डबा ६ लिटरचा, प्रवाह १०००. भागाकार केला तर पाणी डब्यात एका वेळी अनुक्रमे सुमारे २५ आणि २२ सेकंद राहते. म्हणजे पंप वाढवला तेव्हा जवळपास त्याच मापाने पोटही वाढवले. हे प्रमाण खोक्यावर कुठेच छापलेले नसते, आणि दोन डब्यांची तुलना करताना मी पहिल्यांदा तेच पाहीन. फ्लुव्हल या बाबतीत बरी. ४०७ साठी ती कंपनी दोन आकडे देते. नुसत्या पंपाचा १४५०, आणि डबा भरलेला असताना सुमारे ९३०. पाचशे लिटरांची ही तफावत जिने सांगितली तिचे कौतुक करावे, की जे सांगत नाहीत त्यांच्या खोक्यांकडे संशयाने पाहावे? मी दुसरे करीन. काही डब्यांत अतिनील दिवा असतो, त्याचाही बोलबाला होतो. तो पाण्यात तरंगणारे हिरवे शेवाळ मारतो, पण कड्यांवर वसलेल्या जंतूंचे काम काही तो करत नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. टाकीतले पाणी एकदाच गाळायचे नसते, ते दिवसभर फिरत राहते. मग एका फेरीत २२ सेकंद मिळाले काय आणि १० मिळाले काय? उलट प्रवाह जास्त तर अमोनिया आणि प्राणवायू दोन्ही जंतूंपर्यंत लवकर पोचणार. हे खरे आहे, म्हणूनच मंद पंप चांगला असे मी म्हणत नाही. पण हा फायदा कड्यांवर जेवढे जंतू मावतात तेवढ्यापुरताच मिळतो. लहान डब्याला तगडा पंप जोडला, तर वाढलेले पाणी कड्यांना टाळून कडेच्या फटीतून निघून जाण्याची शक्यताच वाढते. दुसरा आक्षेप वॉरिंग्टनच्या टाकीचा: दाट वनस्पती आणि थोडे मासे असतील तर फिल्टर हवाच कशाला? तशा टाकीला तो नसला तरी चालतो, मान्य. पण कॅनिस्टर घेणारा बहुधा मासे जास्त ठेवतो आणि खाऊ त्याहून जास्त घालतो. तिसरे कोणी म्हणेल की शेणाच्या खड्ड्याचे आणि जर्मन डब्याचे नाते ओढूनताणून जुळवले आहे. एहाइमने हॉवर्डकडून काही घेतले असा माझा दावा नाही. खड्ड्यात बुरशीचाही मोठा वाटा असतो, हेही खरे. साम्य आहे ते अटींचे, आणि हवेची अट दोन्हीकडे सारखीच कडक आहे.

इंदुरात ती अट फार जवळची आहे. बंद डब्यातल्या जंतूंना प्राणवायू मिळतो तो फक्त येणाऱ्या पाण्यातून. वीज गेली की पाणी थांबते, काही तासांत आतला साठा संपतो, जंतू मरू लागतात, आणि वीज आल्यावर ते नासलेले पाणी थेट टाकीत जाते. २००३ च्या निवडणुकीत ‘बिजली, सडक, पानी’ हाच मुद्दा झाला होता, हे मध्य प्रदेशात कोणाला सांगायला नको. त्या काळच्या भारनियमनात हवेच्या पंपावर चालणारा साधा स्पंज, बॅटरीची सोय असेल तर, महागड्या डब्यापेक्षा भरवशाचा ठरावा. आज वीज बरी आहे, तरी मोठ्या टाकीत कॅनिस्टरबरोबर असा एक स्पंज असावाच. हवेइतकेच नळाच्या पाण्याकडेही लक्ष हवे. बिलावली तलाव, १९३९ चा यशवंत सागर आणि १९७८ पासून जलूदहून चढवून आणलेली नर्मदा, असा इंदूरचा पाण्याचा प्रवास आहे. घरात येणाऱ्या नळाच्या पाण्यात आता क्लोरीन असते. माणसांना ते हवेच. कड्या मात्र त्या पाण्याखाली घासून लख्ख केल्या, की आठवड्यांची वस्ती काही मिनिटांत संपते.

तेव्हा तुकोगंजातल्या घरी २०० लिटरांची टाकी असेल, तर दुकानदाराला तासाचे लिटर विचारण्याआधी डब्याच्या पोटाचे लिटर विचारा, आणि भरलेल्या डब्याचा प्रवाह तो सांगू शकतो का ते पाहा. दोन डबे एकाच किमतीचे असतील तर मोठ्या पोटाचा आणि लहान पंपाचा घ्या. कड्या धुवायच्या त्या टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात, आणि एका वेळी अर्ध्याच.